दाराचं रबर

"पुन्हा?" ऑरिन ड्रायलिंगने विचारलं.

"पुन्हा," मेकॅनिक डेल्बर्ट म्हणाला.

विमानाच्या दाराभोवतीच्या रबरी नळीवरून त्याने अंगठा फिरवला. ही नळी हवेने फुगली की दार घट्ट बसायचं आणि आतली हवा आत राहायची. आज इंजिनं सुरू होताच ती फुसफुसली. खालच्या कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढी चीर पडली होती.

ऑरिनने हँगरच्या पत्र्यावर लाथ घातली. या वयात माणसाने पत्र्यांना लाथा घालू नयेत, पण त्याला सांगणार कोण? बाहेर कॅन्ससचा वारा धावपट्टीवरून धूळ हाकत होता.

"उंदीरच असणार," डेल्बर्ट म्हणाला. "सापळे लावलेत."

"सापडला एक तरी?"

"नाही अजून."

विमानात, दाराजवळच्या सीटवर ऑरिनची बायको नेडीन बसली होती. नाकाला ऑक्सिजनची नळी आणि मांडीवर बाळाची गोधडी. दर शनिवारी ती आधीच आत जाऊन बसायची आणि हे दोघं बाहेर पंख, चाकं, तेल तपासून होईपर्यंत टाके घालायची. आत्ता एक चुकलेली ओळ ती उसवत होती.

"राहू द्या रे," ती म्हणाली. "पुढच्या शनिवारी जाऊ. बीरॉक गरम आहेत तोवर खाऊन घ्या."

कोबी आणि खिमा भरलेले ते पाव लेकीसाठी असायचे. दर शनिवारी ते हँगरमध्येच संपायचे.

लेक पर्वतांपलीकडे, ग्रँड जंक्शनला. पोटुशी, आणि डॉक्टरांनी अंथरुणातून उठायला बंदी केलेली. नेडीनची फुप्फुसं निकामी होत चालली होती. घाटातली विरळ हवा तिला सोसली नसती आणि मोठ्या विमानतळांवरची चालाचाल झेपली नसती. उरलं हे दोन इंजिनांचं जुनं विमान. त्याच्या आत हवा दाबून ठेवता यायची, म्हणजे पर्वतांवरून जातानाही तिला श्वास घेता आला असता. ती हिवाळा काढेल असं कुणीच म्हणत नव्हतं. लेकीला एकदा डोळे भरून पाहायचं होतं आणि एका रबराने ते अडवून धरलं होतं. डेल्बर्टला याची मनापासून लाज वाटायची.

"मला एक सांग, डेल," ऑरिन म्हणाला. "असली विमानं आता कुणी बनवत का नाही?"

हा प्रश्न दर शनिवारी यायचा. चिडलेला माणूस तेच ते उगाळतो, असं समजून डेल्बर्ट दर वेळी नवं उत्तर द्यायचा. एकदा त्याने खटल्यांचं सांगितलं होतं. विमान पडलं की कंपनी वर्षानुवर्षं कोर्टात, आणि तो सगळा बोजा पुढच्या प्रत्येक विमानाच्या किमतीवर. मग एकदा इंजिनांचं. त्यांनीच पंखे फिरवायचे, त्यांनीच माणसांना हवा पुरवायची. उतरताना वैमानिकाने घाईत जोर कमी केला की तापलेली सिलिंडरं तडकतात.

"घेणार कोण?" आज तो म्हणाला. "पैसेवाला सरळ टर्बाइनचं विमान घेतो. एकच इंजिन, कुठेही मिळणारं इंधन, कुरकुर नाही. तुझ्यासारख्या चार म्हाताऱ्यांसाठी कारखाना कोण चालवेल?"

"म्हणजे मी मेलो की खेळ खलास."

"तुझ्याआधी रबर संपेल. भंगारात काढलेल्या विमानांवरची आणतोय मी. आता ओरेगॉनमध्ये एक आहे. ते शेवटचं."

ऑरिन मान हलवत राहिला.

डेल्बर्ट जरा घुटमळला. "ऐका. विचिटाला माझ्या ओळखीचा एक वैमानिक आहे, टर्बाइनवाला. उद्या येईल. दोन तासांत पोचाल."

ऑरिनचा चेहरा पडला. तो काही बोलण्याआधीच नेडीन म्हणाली, "जन्मभर याच्या शेजारी बसून उडालेय. आता कुणा परक्याच्या मागे बसून जाऊ? जमायचं नाही."

ऑरिन ताठ झाला. "ऐकलंस?"

हट्टी जोडपं, डेल्बर्ट मनात म्हणाला. ऑगस्टमध्ये दोघं एक चक्कर मारायला वर गेले होते. उतरताना चाकं अगदी शेवटच्या क्षणी बाहेर आली. बटण अडकतंय, असं ऑरिनचं म्हणणं. डेल्बर्टने ते बटण अर्धा दिवस तपासलं, पण दोष काही सापडला नाही. नेडीन मात्र त्या दिवशी खाली उतरल्यावर बराच वेळ खुर्चीवर बसून होती. त्यानंतरच ही रबरं फाटायला लागली. जुन्या विमानाची एक खोड गेली की दुसरी येते.

ऑरिन गाडी हँगरच्या दाराशी आणायला गेला. डेल्बर्टने नेडीनला हात धरून खाली उतरवलं. तिला वजन असं उरलंच नव्हतं.

"मला माफ कर," तो म्हणाला. "शेवटचं रबर मी स्वतः बसवतो. रात्री इथंच झोपतो हवं तर, उंदीर फिरकणार नाही. तुला लेकीकडे पोचवल्याशिवाय राहणार नाही."

नेडीनचे डोळे भरून आले.

गाडी दाराशी येऊन थांबली. काच खाली झाली.

"डेल, मला एक सांग," ऑरिन म्हणाला. "असली विमानं आता कुणी बनवत का नाही?"

डेल्बर्टला हसू आलं. मग त्याने ऑरिनच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे राग नव्हता, थट्टा नव्हती. पहिल्यांदाच विचारावं तसा तो विचारत होता आणि उत्तराची वाट पाहत होता.

"सांगेल तो, ऑरिन. हीटर लाव, मी आलेच," नेडीन म्हणाली. काच वर गेली.

तिने डेल्बर्टचा हात हातात घेतला आणि त्यात शिवण उसवायची छोटी सुरी ठेवली. तिच्या पात्याला काळं रबर चिकटलं होतं.

"पुढच्या शनिवारी तू काप," ती म्हणाली. "माझ्या हातात आता तेवढा जोर उरला नाही."