तोमिकोबाईंचं टेबल

"मुळ्याचं लोणचं? तू मुळा खातेस?" मीनाक्षीनं विचारलं.

फोनवर केयानं बशी उचलून दाखवली आणि परत टेबलावर ठेवली. "इट्स सो गुड, आई. तोमिको-सान घरीच करते. स्मेल थोडा स्ट्राँग आहे, बट यू गेट यूज्ड टू इट."

मीनाक्षीच्या अंगाचा तिळपापड झाला. नेपरव्हिलच्या याच घरात मुळ्याची भाजी केली की ही पोरगी भर जानेवारीत खिडक्या उघडायची. घरभर हिंडून, एकेक करून, नाक धरून.

केया ऑगस्टपासून जपानच्या उत्तरेकडच्या एका डोंगराळ गावात शाळेतल्या मुलांना इंग्रजी शिकवत होती. इकडे शनिवारी संध्याकाळचे सहा वाजले, की तिकडे रविवारची सकाळ उजाडलेली असायची आणि फोन यायचा. गेल्या पंचवीस आठवड्यांत एकदाही चुकला नव्हता. पण तो केयाच्या स्वतःच्या अपार्टमेंटमधून कधीच यायचा नाही. यायचा तो शेजारच्या तोमिकोबाईंच्या घरून. तिकडे अख्खं घर गरम करायची पद्धत नाही. एका खोलीत बुटकं टेबल, टेबलाखाली हीटर, वरून रजई, आणि त्या रजईत पाय घालून बसलेली माणसं. त्या टेबलाला कोतात्सु म्हणतात, हेही आता मीनाक्षीला नको इतकं पाठ झालं होतं. केयाच्या शेजारी सत्तरी उलटलेली ती बाई कायम बसलेली असायची आणि समोर नाश्ता मांडलेला असायचा. मला दाखवायला मांडते, मीनाक्षी मनात म्हणायची. पार निवून जाईल, पण माझ्या नाकावर टिच्चून मांडेल.

"आज सकाळी तिच्या दारातला स्नो काढला," केया सांगत होती. "विंडोपर्यंत आला होता. मी सहाला उठले."

"सहाला," मीनाक्षी म्हणाली आणि तिनं नवऱ्याकडे पाहिलं. दिगंबर वीस वर्षं कमरेला पट्टा बांधून ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसत होता. तेव्हा ही वर अकरापर्यंत झोपलेली असायची.

"चांगलं आहे की. व्यायाम होतो," दिगंबर म्हणाला. त्याला कशाचंच काही वाटत नसे.

मीनाक्षी जळत होती. आपल्या आईच्या वयाच्या, आपल्या भाषेतला एक शब्दही न कळणाऱ्या बाईवर जळत होती, आणि त्याची लाज वाटणंही आता बंद झालं होतं. इथं केयाच्या खोलीत हीटिंगच्या झडपेतून छान ऊबदार हवा यायची, म्हणून खोलीचं दार बंद. जेवायला चार हाका माराव्या लागायच्या. पुढे युनिव्हर्सिटी गाडीनं अडीच तासांवर होती, तर तिथून महिन्याकाठी एक मेसेज. आणि तिकडे परक्या बाईच्या रजईत पाय खुपसून मुळा खाते.

"तुझ्या फॉर्मचं काय?" तिनं शेवटी विचारलंच. अजून एक वर्ष राहणार की नाही, हे केयाला सोमवारी शाळेला लिहून द्यायचं होतं.

"आय डोन्ट नो." केयानं शेजारी पाहिलं. बघताना तिचा चेहरा मऊ झाला.

तो चेहरा बघून मीनाक्षीचा तोल सुटला. "त्या बाईला सांग, मला माझी मुलगी परत हवी आहे."

"आई, प्लीज."

"सांग. जसंच्या तसं."

केयानं खाली मान घालून सांगितलं. तोमिकोबाईंनी रजईतून पाय बाहेर काढले. गुडघे मुडपून त्या नीट बसल्या आणि फोनकडे तोंड करून हळूहळू, बराच वेळ बोलल्या. मग कपाळ जवळजवळ जमिनीला टेकेपर्यंत वाकल्या. केयाचे डोळे भरून आले.

"काय म्हणाली?"

"ती म्हणते, नो लिही. घरी जा. तिची मुलगी ओसाकाला असते, फक्त न्यू इयरला फोन करते. सो शी नोज." केयानं बाहीला नाक पुसलं. "अँड शी इज सॉरी. ती म्हणते, तिनं मला तुझ्यापासून घेतलं असं तुला वाटलं असेल, तर सॉरी. तिला फक्त…"

"फक्त काय?"

"तिचा एक रूल आहे. संडेला आधी आईला फोन, मग ब्रेकफास्ट. फर्स्ट वीकला मी म्हटलं, मी नंतर टेक्स्ट करीन. शी टुक द सूप बॅक टू द किचन. तेव्हापासून मी आधी तुला फोन करते."

पंचवीस फोन. दर शनिवारी मीनाक्षी पावणेसहापासून केस विंचरून, फोन समोर ठेवून बसायची. त्यातला एकही तिच्या पोरीला आपणहून सुचलेला नव्हता.

"झालं तर मग," दिगंबर म्हणाला. "येतेय ती. हवं होतं ना तुला?"

हवं होतं. मे महिन्यापासूनच हवं होतं, ती जाते म्हणाली तेव्हापासून. वरची खोली झाडूनपुसून तयार होती. येईल पोरगी. वर जाईल. दार लावून घेईल. झडपेतून छान ऊबदार हवा येईल.

जळफळाट काही विझला नव्हता. उलट आता तो जास्तच झोंबत होता, कारण त्या बाईवर रागवायला जागाच उरली नव्हती. मीनाक्षीनं फोन हातात घेतला आणि तोंडाजवळ आणला.

"हो लिही," ती म्हणाली. "राहा अजून एक वर्ष. आणि त्यांना सांग, नियम अजिबात मोडू नका म्हणावं. मला फोन केल्याशिवाय हिला खायला देऊ नका."