जागल्याचे वडील

"बिल्ल्यावर काय लिहू, काका?" टेबलामागच्या मुलीनं विचारलं.

वडील गोंधळले. तिच्यासमोर बिल्ले मांडलेले होते: काटेरी, तिसरा डोळा, बिनपगारी. राजकारणावर ब्लॉग लिहिणाऱ्यांच्या या संमेलनात खरं नाव कुणी सांगायचं नाही आणि कुणी विचारायचंही नाही, असा रिवाज होता. वडिलांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"जागल्याचे वडील असं लिही," आई म्हणाली. "आणि मी जागल्याची आई."

मुलीचा हात थांबला. मग ती उठून उभीच राहिली.

सभागृह अजून अर्धं रिकामं होतं. सरकार उलथवायला निघालेल्यांना सकाळी दहाला उठणं तेवढं जमत नाही, असं म्हणत बिनपगारी नावाच्या एका जाडजूड गृहस्थानं दोघांना पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. मागे दोघंजण एकमेकांचे बिल्ले वाचत होते. चार वर्षं मला विकाऊ म्हणताय ते तुम्हीच का, असं एकानं विचारलं. मीच तो, दुसरा म्हणाला, बसा ना, चहा झाला का?

आईला चहा नको होता. आपण कशासाठी जातोय, हे तिनं घरून निघतानाच सांगितलं होतं. त्या संध्याकाळी मुलगा सुखरूप घरी आला होता. मग पुन्हा बाहेर जाऊन त्यानं असं काय केलं की त्याचा जीव गेला, हे तिला जाणत्या माणसांच्या तोंडून ऐकायचं होतं. खपली काढू नये, गेलेला जीव परत येत नाही, असं वडिलांनी परोपरीनं सांगून पाहिलं. तिनं हे ऐकू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. पण तिनं पिशवी उचलली आणि चपला घातल्या.

वर्षभर घरात हा विषय निघाला नव्हता. मुलाच्या खोलीचं दार रोज रात्री लावलेलं असे आणि सकाळी उघडं सापडे. दोघंही एकमेकांना त्याबद्दल विचारत नसत. कधीकधी वडिलांना भिंतीपलीकडून कळफलकाची टकटक ऐकू येई. ते श्वास रोखून पडून राहत. टकटक थांबली की त्यांना जास्त भीती वाटे.

आई बिनपगारीला सांगत होती की मुलगा कॉम्प्युटर दुरुस्त करायचा, यंत्रात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, पण शाळेत निबंध म्हटला की त्याचं पोट दुखायचं. एवढं सगळं लिहायचा कधी, आईलासुद्धा पत्ता लागू दिला नाही. बिनपगारी म्हणाला की मोठी माणसं अशीच असतात, काकू. वडील बिल्ल्याची दोरी बोटाला गुंडाळत आणि सोडवत राहिले.

मग दिवे मंद झाले. पडद्यावर जागल्याचा शेवटचा लेख उमटला. धरणाच्या कामावर दरड कोसळून मजूर मेले आणि ती बातमी दाबली गेली, त्याबद्दलचा तो लेख होता. काटेरी नावाची किडकिडीत बाई तो वाचू लागली. तिच्याबरोबर वडिलांचे ओठ हलत होते. छापखान्यात प्रुफं तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, पण एवढा पाठ झालेला मजकूर दुसरा नव्हता.

वाचून झाल्यावर काटेरी सांगू लागली. आपल्यात पहिला नियम एकच, की लेख टाकायला एका जागी दोनदा बसायचं नाही. जागल्यानं तो कधी मोडला नव्हता. त्या दिवशीही त्यानं एका झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवरून लेख ब्लॉगवर चढवला आणि तो निघून गेला. तासाभरानं मात्र तो त्याच दुकानात परतला. तोवर माग काढणारे तिथे येऊन बसले होते. दोन दिवसांनी तो कालव्यात सापडला.

"आणि परत कशाला आला, तर एका आकड्यासाठी," काटेरी म्हणाली. "लेखात सतरा मेले असं होतं. सतरावा माणूस इस्पितळात जिवंत होता. जागल्यानं सतराचे सोळा केले. आपल्यापैकी किती जण गेले असते?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. आई टाळ्या वाजवत नव्हती. टाळ्या थांबल्यावर तिनं बसल्या जागेवरूनच विचारलं, "सतराच राहिले असते तर काय झालं असतं, बाई?"

काटेरीनं खाली पाहिलं. "काही नाही, काकू. दुसऱ्या दिवशी कुणीतरी चूक दाखवली असती."

"त्या सतराव्याला हे ठाऊक आहे का?"

"नाही."

वडिलांना मंचावर बोलावलं. पायऱ्या तीनच होत्या, तरी त्यांना धाप लागली. ध्वनिक्षेपकापुढे जाऊन त्यांनी बिल्ला सरळ केला. समोरचे सगळे चेहरे त्यांच्या तोंडाकडे पाहत होते.

"चांगला मुलगा होता," ते म्हणाले. "सांगितलेलं काम त्यानं कधी टाळलं नाही."

एवढं बोलून ते खाली आले. पुढच्या रांगेत कुणीतरी डोळे पुसले. आपल्याला यापुढे काही विचारलं जाणार नाही, असं वडिलांना वाटलं, आणि वर्षभरात पहिल्यांदा त्यांचे खांदे सैल झाले.

तेवढ्यात शेजारची खुर्ची वाजली. आई उठली होती. कुणी बोलावलं नसताना ती मंचावर गेली. काटेरीनं ध्वनिक्षेपक तिच्या उंचीला आणून दिला.

"मला भाषण येत नाही," आई म्हणाली. "त्या संध्याकाळी तो जेवायला बसला होता. हात खरकटे होते, म्हणून त्याचा फोन मी घेतला. एक निरोप होता. मला त्याचा अर्थ कळला नाही, पण मी तो शब्दाला शब्द सांगितला. तो तसाच ताटावरून उठला. अर्थ आज कळला."

तिनं पहिल्या रांगेकडे पाहिलं. आवाज चढला नाही.

"फोन छापखान्यातून यांचाच होता. म्हणाले, त्याला सांग, मी चुकून सतरा लिहिलंय, आत्ताच्या आत्ता जाऊन सोळा कर."