उंबऱ्याचं पाणी

पेचकस उंबऱ्यात मुठीपर्यंत गेला. लाकूड बाहेरून हळदी-कुंकवाने माखलेलं, आतून मात्र पांढरं, भिजल्या पावासारखं. लाकूड-तपासणीवर आलेली रेखा धोटे उकिडवी बसली होती, ती तशीच भिंतीला टेकली. आजचं हे कितवं घर, ते मोजणं तिने केव्हाच सोडलं होतं.

"आजी, रोज पाणी घालता का?"

"उंबरा धुतल्याशिवाय पूजा कशी होईन?" गिरजाबाई म्हणाल्या.

रेखाने पुन्हा तेच सांगितलं. पऱ्हाटीचं, कपाशीच्या वाळल्या काड्यांचं, इंधन करायला कारखान्यात घडवलेली बुरशी आता हवेत सगळीकडे पसरलीय. लाकडाला ताठ ठेवणारं लिग्निन तिचे एन्झाइम खाऊन टाकतात. त्यांना फक्त ओल लागते. एक दिवस चौकट खचेल आणि वरची भिंत अंगावर येईल.

"गल्लीत कोणाचीच चौकट शाबूत नाही?" गिरजाबाईंनी विचारलं.

"एक आहे. समोरची."

समोरच्या दाराला कुलूप होतं. तिथली माणसं पुण्याला गेली त्याला वर्षं लोटली होती. उंबऱ्यावर नुसती कोरडी धूळ.

गिरजाबाई बराच वेळ तिकडे पाहत राहिल्या. "तसं घर टिकवून काय करू, पोरी?"

उद्या माणसं येऊन लोखंडी चौकट बसवतील, एवढंच सांगून रेखाने उंबऱ्यावर खडूने फुली मारली. मग गुडघ्यावर हात टेकत उठली आणि सवयीने, उंबऱ्यावर पाय न देता, तो ओलांडून बाहेर पडली.