बाहुल्या मोठ्या होतात तेव्हा

“डोळे मिटू नकोस रे, मोजमाप चुकतं,” टिटवी म्हणाली.

प्रोफेसर स्टुलावर ताठ बसला होता. चष्म्याच्या दुकानाची ही मागची खोली. पुढे टिटवीचे बाबा काचा घासत होते आणि इथे फ्रेमांच्या खोक्यांवर मानसशास्त्राची पुस्तकं पसरली होती. उद्या पेपर. ‘वर्तनाचा जैविक आधार’ या एका प्रकरणावर दोघांची सगळी भिस्त होती, कारण बाकीच्या प्रकरणांशी त्यांची फारशी ओळखच नव्हती.

“बाहुल्या मोठ्या झाल्यात,” तिने जाहीर केलं. “हात दाखव. गार. वर घामेजलेला. घसा?”

“कोरडा.”

“छाती?”

“धडधडतेय. तुला कसं कळलं?”

“पान उलट. अनुकंपी चेतासंस्था. संकट आलं की हीच बया अंगात येते.” संकट नसतानाही येते, हे तिने मनातच म्हटलं. खोलीत उजेड कमी असला तरी बाहुल्या मोठ्या होतात, असंही पुस्तकात होतं. ती ओळ तिने सोयीस्करपणे गाळली.

नावं वर्गाने ठेवलेली. ती अखंड बोलायची म्हणून टिटवी आणि तो शब्द जपून खर्चायचा म्हणून प्रोफेसर. इतके दिवस तो मागच्या बाकावर बसायचा, पण तिने कधी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नव्हतं. मग एक दिवस तो आईचा चष्मा घेऊन दुकानात आला. स्क्रू सैल झाला होता. पुढच्या आठवड्यात पुन्हा आला. तोच चष्मा, तोच स्क्रू. तिसऱ्यांदा आला तेव्हा टिटवीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चांगली फ्रेम आपणहून इतकी सैल होत नाही, हे चष्मेवाल्याच्या मुलीला का सांगायला हवं? घरी बसून कोणीतरी मुद्दाम स्क्रू फिरवत होतं.

तेव्हापासून तिचे पाय जमिनीवर नव्हते. डोपामाइन वाचलं की तो आठवायचा, आणि तो आठवला की डोपामाइन पाठ व्हायचं. जन्मात झाला नाही इतका अभ्यास झाला.

बाबाही खुशीत होते. आई गेल्यापासून त्यांनी दुकान आणि मुलगी सोडून कशात लक्ष घातलं नव्हतं. हल्ली मात्र रोज गुळगुळीत दाढी करून शीळ घालत काचा घासायचे. मुलगी अभ्यासाला लागली की बापाला आणखी काय हवं, असं टिटवी सगळ्यांना सांगायची.

पडदा सरकवून बाबा आत आले. “घे रे, चष्मा घट्ट केलाय. पण आईला म्हणावं, एकदा स्वतः येऊन घालून बघा. नाकावर नीट बसायला हवा.”

प्रोफेसरचे कान लाल झाले. चोराच्या मनात चांदणं, टिटवीला हसू आवरेना.

“काका, आईने केक पाठवलाय,” तो पिशवी पुढे करत म्हणाला. “बिनसाखरेचा. तुमच्यासाठी.”

त्याच्या घरी तो आणि आई, दोघंच. आई औषधांच्या दुकानात कामाला होती आणि बाबांच्या मधुमेहाच्या गोळ्या तिथूनच यायच्या, तेव्हा पथ्य माहीत असणारच. पण आधी सासऱ्याला खूश करायचं सुचलं म्हणजे मुलगा दिसतो तितका साधा नाही, असं टिटवीला वाटलं, आणि तो तिला आणखीच आवडला.

बाबा गेल्यावर तो हळूच म्हणाला, “तुला एक सांगायचंय.”

“सांग ना.”

“उद्या. पेपर झाल्यावर. आत्ता सांगितलं तर तुझं लक्ष उडेल.”

“चांगलं की वाईट?”

त्याने पडद्याकडे पाहिलं. “ते तुझ्यावर आहे.”

मग काय विचारता! टिटवी ते प्रकरण कोळून प्यायली.

दुसऱ्या दिवशी प्रश्नपत्रिका हातात आली आणि तिला ओरडावंसं वाटलं. भावना आणि शरीरातले बदल! प्रश्न जणू तिच्यासाठीच काढला होता. तिने चेतासंस्था लिहिली, ग्रंथी लिहिल्या, मेंदूची आकृती काढली, पुरवणी मागितली. ‘छाती भीतीनेही धडधडते आणि प्रेमानेही. नुसत्या नाडीवरून भावना ओळखता येत नाही,’ असं लिहून खाली ठसठशीत रेघही मारली. मग केस सारखे केले आणि धावतच बाहेर आली.

फाटकाजवळ तो उभा होता. चेहरा पांढराफटक.

“कसा गेला?”

“पेपर गेला खड्ड्यात. तू बोल.”

“रागावणार नाहीस ना?”

“नाही रे बाबा!”

“तू नाही म्हणालीस तर विषय इथेच संपेल. तुझा होकार नसेल तर काही करायचं नाही, असं ठरलंय.”

टिटवीला रडूच आलं. इतक्या हळुवारपणे तिला कोणी कधी काही विचारलं नव्हतं.

“माझा होकार आहे,” ती म्हणाली. “केव्हाचा आहे.”

“म्हणजे तुला माहीत होतं?”

“मी काय आंधळी आहे? सगळं दिसत होतं मला.”

“सुटलो!” प्रोफेसरने केवढा तरी श्वास सोडला. गालांवर रंग परत आला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तो टिटवीसारखा भडाभडा बोलायला लागला. “चल गं, दुकानात आई आणि तुझे बाबा दोघंही जीव मुठीत धरून बसलेत, त्यांना सांगून टाकू. आणि हे बघ, मी तुझ्यापेक्षा मोठा आहे, तेव्हा आजपासून मला दादा म्हणायचं.”