हायब्रीडचं दुसरं पीक

"ॲव्हरेज पाय, ॲव्हरेज!" शेषरावांनी गाडीच्या पडद्यावर बोट आपटलं. "एकोनीस! जुनी पंचवीस देत होती. आन् म्हने नवं मॉडेल!"

स्टीअरिंग धरलेला गजेंद्र नुसता हसला. खामगाव मागं पडलं होतं आणि गाडी नांदुऱ्याच्या रस्त्याला लागली होती. मागच्या सीटवर गीताबाई मांडीवर पिशवी धरून बसल्या होत्या. एरवी बापानं गाडीचं रडगाणं सुरू केलं की मायलेक कान बंद करून घेत. आज तिघांच्याही अंगात उत्साह मावत नव्हता. शेषरावांची जुनी गाडी जळगाव जामोदला सापडली होती आणि ते तिला परत आणायला निघाले होते.

जानेफळात पहिली हायब्रीड गाडी आणली ती शेषरावांनी. निम्मी पेट्रोलवर, निम्मी बॅटरीवर. चार वर्षांत तिनं एकदा म्हणून दगा दिला नाही. पण मागच्या दिवाळीत मेव्हण्यानं कान भरले. गजेंद्रसाठी तोवर बारा ठिकाणी मागणी घालून झाली होती आणि बाराही ठिकाणी 'शेती करणारा मुलगा नको' हे एकच उत्तर आलं होतं. बाराव्या दारातून परतताना शेषरावांनी शपथ घेतली, की यापुढं कोणाच्या उंबऱ्यावर पोरगी मागायला जाणार नाही, ज्याला द्यायची त्यानं आपल्या दारी यावं. मेव्हणा म्हणाला, "मंग दाजी, दार तं दिसाले पाह्यजे! नवं मॉडेल उभं करा." जुनी गाडी देऊन नवी आली. दारी मात्र कुत्रंही फिरकलं नाही. घरात स्थळाचा विषय काढायचीही सोय उरली नाही.

मग सगळा राग निघाला गाडीवर. शेळी आडवी आली की ही गाडी किंचाळायची. डिकी तोकडी. चढ लागला की इंजिन बोंब मारायचं. "हायब्रीडचं बी दुसऱ्या साली पेरलं का असंच होते," शेषराव पारावर बसून सांगत. "पह्यलं पीक सोनं, दुसरं नुसतं तन!"

सोमवारी गजेंद्रनं जुन्या गाडीची बातमी आणली. जळगाव जामोदचे संत्र्याचे व्यापारी सहदेवराव. माणूस द्यायला तयार आहे, पण भलता मानी.

तेच तो आता पुन्हा बजावत होता. "बाबा, पैशाचं नाव तोंडातून काढू नोका. गाडी-गाडी बी करू नोका. नरमाईनं मांगा. तिले आमच्या घरी येऊ द्या, बस."

"अबे, मले काय बोलता येत नाही?" शेषराव म्हणाले आणि मागं वळले. "आन् काऊन व, गाडी आनाले जरीचं लुगडं? पिशवीत काय हाये?"

"नारळ हाये, खन हाये," गीताबाई म्हणाल्या. "लक्ष्मी घरी येऊन राह्यली. रिकाम्या हातानं जाऊ?"

तेही खरंच होतं. सातपुड्याची रांग दिसायला लागली तसे शेषराव सीटवर पुढं सरकून बसले. लहान पोराला जत्रेला नेताना होतं, तसं त्यांचं झालं होतं.

सहदेवरावांचं घर प्रशस्त होतं. अंगणात गाडी दिसेना. "मांगच्या शेडात असन," गजेंद्र कानाशी पुटपुटला. पाणी झालं, चहा झाला, यंदाच्या संत्र्याचं झालं. शेषरावांना दम निघेना.

"सहदेवराव, आडपडदा ठेवत नाही," ते म्हणाले. "तिले आमच्या घरी येऊ द्या."

सहदेवरावांनी कप खाली ठेवला. "हेच तुमच्या तोंडून आयकाचं होतं मले. पन जीव तुटते हो. लय लाडात ठेवली."

शेषरावांना भरून आलं. इतका जीव लावणारा माणूस त्यांना आजवर भेटला नव्हता. "मले समजते न, भाऊ. आमचं आंगन तिच्याबिगर सुनं पडलं हाये."

"शेतात राबवसान तिले?"

"नाव नोका काढू! शेताले पिकअप हाये, ट्रॅक्टर हाये. ती सावलीतच राहीन."

"उद्या काही कमीजास्त झालं तं?"

"आमचं आम्ही पाहून घेऊ. तुमच्या दारी तक्रार घेऊन येनार नाही. शब्द हाये शेषरावचा." त्यांनी एकदा लेकाकडं पाहिलं. गजेंद्र खाली मान घालून बसला होता. असा ऐनवेळी मुका होणारा पोरगा काय कामाचा, असं त्यांच्या मनात आलं. तेच पुढं सरकले. "नव्याच्या नादी लागून पस्तावलेला मानूस हाये मी. आता नाही म्हनू नोका. हात जोडतो."

आणि त्यांनी खरंच हात जोडले.

सहदेवरावांनी उपरण्यानं डोळे पुसले. गीताबाईंनीही पदर डोळ्यांना लावला. ही कशाला रडते, हे शेषरावांना कळेना. पण सौदा जमला, हे मात्र पक्कं कळलं आणि त्यांच्या छातीत ढोल वाजायला लागले.

सहदेवराव उठले, त्यांनी शेषरावांना कडकडून मिठी मारली आणि आतल्या दाराकडं वळून हाक दिली.

"मनाली, पोहे घेऊन ये, माय! तू म्हनत होती न, गजेंद्रचे बाबा मांगनी घालाले कवाच येनार नाहीत म्हून? आता पाय, कसे हात जोडून मांगून राह्यले तुले!"