बाराची घंटा

जीनाच्या सासूला, फ्लॉसीला, ऐंशी उलटल्यावर विसरायला होऊ लागलं. सुनेचं नावसुद्धा गेलं. डोक्यात एकच दिवस मुक्कामाला राहिला. ताट समोर आलं की ती हात मागे घ्यायची, "आज गुड फ्रायडे ना गो? माझा उपास हाय."

साखरेचा आजार, उपाशी ठेवून कसं चालेल? मग बारा वाजता चर्चची घंटा घणघणली की जीना रोज तेच म्हणायची, "ऐक गो आय! गुड फ्रायडेला घंटा वाजते का कधी? ईस्टर झालासुद्धा!" म्हातारी खुदकन हसायची आणि पोटभर जेवायची.

असं करता करता खरोखरचा गुड फ्रायडे उजाडला. लहानपणापासून जीनाने हा उपास कधी मोडला नव्हता. पण सकाळपासून सासूच्या पोटात चहाचा घोटही नव्हता, हात थरथरायला लागले होते. पावणेबाराला जीनाने भात आणि उकडलेलं अंडं वाढलं. "आज ईस्टर हाय, आय," ती म्हणाली. सासू तोंड उघडेना. तेव्हा जीनाने मनातल्या मनात देवाची माफी मागितली आणि पहिला घास स्वतः खाल्ला.

सासू घड्याळाकडे बघत राहिली. बारा वाजले. बारा वाजून पाच मिनिटं झाली.

दोन वर्षांत पहिल्यांदाच तिने सुनेला नावाने हाक मारली, "जीना, घंटा नाय वाजली... आन् तू आजच्या दिवशी जेवलीस?"