पुलावरचा माणूस

सत्त्याऐंशी साली सदर भागातल्या व्हिडिओ गेमच्या दुकानात एक जुनं मशीन उरलं होतं. प्रेमिलाने साप्ताहिकात त्याच्याबद्दल बरं लिहिलं तर ते राहणार, नाही तर उद्या भंगारात जाणार, असं मालक ईश्वरदासांनी ठरवलं होतं.

"आता रंगीत खेळ आले वं, याले कोण विचारते?" ते म्हणाले. "पन रुपरावचा जीव होता यावर, म्हनून तुले बलावलं."

रुपराव तिचा भाऊ, हातमागावरचा विणकर. त्याला जाऊन वर्ष झालं होतं.

"भावापायी खोटं नाही लिहिणार मी, काका."

खेळ साधाच होता. ठोकळ्यांचा एक माणूस पुलावरून पळायचा, फट आली की त्याला उडी मारायला लावायची. आज याचं कौतुक कशाला, असं वहीत लिहायला प्रेमिलाने खेळायच्या दांड्यावरचा हात काढला. आता तो माणूस फटीत पडायला हवा होता.

तो काठावर थांबला. खाली वाकला. ओठाला लावून बोट ओलं केलं, आणि मागावर तुटल्या धाग्याची टोकं पिळावीत तसा हळूहळू फट सांधू लागला.

"काका, हा असं बी करते का?"

"त्याले पयता येते अन् उडी मारता येते. दुसरं काय येईन?" ईश्वरदास मशीनमागे वाकले. "बिघडलं असंन. घे, प्लगच काढला."

प्लग त्यांच्या हातात होता. पडदा मात्र तसाच उजळ राहिला.

फट सांधून तो उठला. त्या खेळात त्याला चेहरा दिलेलाच नव्हता, कायम एकच बाजू दिसायची. तो सावकाश काचेकडे वळला आणि प्रेमिलाच्या वहीतलं अर्धं वाक्य वाचू लागला.